मुलाखतीनंतरची थँक्यू नोट

नोकरीची मुलाखत झाल्यावर मुलाखत घेणाऱ्याला जे चार-सहा ओळींचं आभाराचं पत्र पाठवतात त्याला थँक्यू नोट म्हणतात, हल्ली ते मेलवरच जातं म्हणून थँक्यू मेल. नाव आभाराचं असलं तरी आभार त्यात एका ओळीत आटपतात, बाकीचं पत्र म्हणजे मुलाखतीतच बोलायचं राहिलेलं काहीतरी असतं. हे ज्याला कळत नाही त्याची नोट म्हणजे निव्वळ पाट्या टाकणं.

ही पद्धत मुख्यतः अमेरिकेतली आणि कॅनडातली. तिथे करिअर कौन्सेलर लोक हे शिकवतातच, पण ब्रिटनमध्ये किंवा युरोपात बऱ्याच ठिकाणी नोट आली नाही म्हणून कुणाला काही वाटत नाही. अमेरिकन कंपन्या जगभर पसरल्या तशी ही सवयही त्यांच्याबरोबर पसरली. आधी हाताने लिहिलेलं कार्ड पोस्टाने पाठवायचे, अजूनही काही जण पाठवतात आणि ते दिसतं छान, पण पोस्टाने कार्ड पोचेपर्यंत कधीकधी निर्णय होऊन गेलेला असतो, मग ते वरातीमागून घोडं.

वेळेचा संकेत चोवीस तासांचा, म्हणजे त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी. मुलाखतीच्या खोलीतून बाहेर पडून लिफ्टमध्येच पाठवली तर समोरच्याला कळतं की ही आधीच लिहून ठेवलेली होती, त्यामुळे थोडा दम धरलेला बरा. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय केला की संदर्भ शोधावा लागत नाही. मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता नसेल तर रिक्रूटरला, म्हणजे भरतीचं काम बघणाऱ्याला, मेल करून "एवढं त्यांच्यापर्यंत पोचवाल का" म्हणायचं, नावावरून पत्ता अंदाजाने बनवायच्या भानगडीत पडू नये, एकतर मेल परत येतो नाहीतर त्याच नावाच्या भलत्याच माणसाकडे जातो.

आता मजकूर, खरी गोम इथेच आहे. "आपण वेळ दिलात त्याबद्दल आभार, मी या पदासाठी अतिशय उत्सुक आहे" ही दोन वाक्यं कुठल्याही कंपनीत कुठल्याही पदाला चालतात म्हणूनच ती वाचून काहीच कळत नाही. याउलट समजा बोलता बोलता मॅनेजर म्हणाले की आमच्याकडे जुना डेटा नवीन सिस्टिममध्ये न्यायचं काम अडकलंय, आणि तुम्ही नोटमध्ये लिहिलं की त्यावर घरी येऊन विचार केला, मागच्या नोकरीत आम्ही एकदम सगळं न हलवता आधी एकाच विभागाचा डेटा हलवून बघितला होता, तर ते वाचणाऱ्याच्या लक्षात राहतं, कारण तुम्ही त्यांचं बोलणं नीट ऐकलं होतं हे त्यातून दिसतं. एखादं उत्तर मुलाखतीत अर्धवट राहिलं असेल तर तेही इथे पूर्ण करता येतं, पण एकच, सगळा पेपर पुन्हा सोडवायला बसू नये. पगार, सुट्ट्या, निकाल कधी, हे प्रश्न या नोटमध्ये घालू नयेत, निकालाची चौकशी हा वेगळा फॉलोअप मेल आणि तो सांगितलेली मुदत उलटून गेल्यावर करायचा.

पॅनलमध्ये चार जण असतील तर चौघांना वेगवेगळं लिहायचं. एकच मजकूर नाव बदलून पाठवणारे खूप असतात आणि पकडलेही जातात, कारण हे लोक एकाच टीममधले, मेल एकमेकांना फॉरवर्ड करतात. दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं तर मग विषयच संपला. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तर गुळगुळीत नोट लिहिणं कुणालाही जमतं, त्यामुळे नुसत्या गोड भाषेला आता फारशी किंमत उरलेली नाही.

याने नोकरी मिळते का? नुसत्या नोटने नाही मिळत. ज्या ठिकाणी ठरलेले प्रश्न विचारून लगेच गुण देतात तिथे नोट पोचायच्या आधीच गुण लिहून झालेले असतात. बऱ्याच सरकारी भरत्यांत तर पॅनलशी परस्पर संपर्क करणं म्हणजेच वशिला लावणं धरतात आणि उमेदवारी बाद होऊ शकते, तिथे अजिबात लिहू नये. भेटवस्तू तर कुठेच नको. खाजगी नोकरीत दोन उमेदवार अगदी बरोबरीचे असतील तेव्हा थोडाफार फरक पडतो. 2019 मध्ये बिझनेस इनसायडर या अमेरिकन न्यूज वेबसाइटच्या एका वरिष्ठ संपादिकेने लिहिलं होतं की थँक्यू मेल न पाठवणाऱ्याला नोकरी देऊ नका, त्यावर सोशल मीडियावर चांगलीच टीका झाली. टीका करणाऱ्यांचं म्हणणं पटण्यासारखंच आहे, कारण हा नियम कुठे लिहिलेला नसतो, ज्याच्या घरात किंवा कॉलेजात कुणी सांगणारं होतं त्यालाच तो माहीत असतो, मग त्यावरून आपण माणसाची लायकी तपासतोय की त्याच्या ओळखीपाळखी?

नोटला उत्तर येईलच असं नाही, काही कंपन्यांत तर मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवारांशी परस्पर बोलू नका असं सांगूनच ठेवलेलं असतं. म्हणून उत्तर आलं नाही की दुसरी नोट पाठवणं हा लोचटपणा झाला. नकार आल्यावर मात्र दोन ओळी लिहाव्यात, हे फार कमी जण करतात. निवडलेला उमेदवार ऐनवेळी जॉइनच होत नाही असं होतं आणि मग दुसऱ्या नंबरच्या माणसाला फोन जातो.