बहिऱ्या-आंधळ्या कुत्र्यांशी बोलायला आपण कधी शिकलो

आंधळ्या माणसांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचा इतिहास तारीखवार मिळतो, १९१६ ला जर्मनीत ओल्डेनबुर्गला युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी शाळा निघाली, १९२९ ला अमेरिकेत द सीइंग आय सुरू झालं, सगळं नीट लिहून ठेवलेलं आहे. पण कुत्राच आंधळा झाला किंवा जन्मापासून बहिरा निघाला तर त्याच्याशी बोलायचं कसं, हे माणूस कसं शिकला ते मात्र एका जागी सापडत नाही. थोडं ब्रीडर लोकांकडे आहे, थोडं डोळे-कानांच्या संशोधकांकडे, थोडं ट्रेनर लोकांकडे.

पांढरा रंग आणि बहिरेपणा यांचं काहीतरी नातं आहे हे फार जुनं निरीक्षण, डार्विनने १८५९ मध्येच लिहिलं होतं की निळ्या डोळ्यांच्या मांजरी हमखास बहिऱ्या असतात, पांढऱ्या रंगाचा उल्लेख त्याने पुढच्या आवृत्त्यांत जोडला. कारण मात्र खूप उशिरा कळलं. रंग बनवणाऱ्या पेशी फक्त कातडीत नसतात, कानाच्या आतल्या भागातही असतात आणि तिथे त्या नसल्या तर ऐकणाऱ्या पेशींना जगवणारा थरच झिजून जातो. पिल्लाचे कान उघडतात साधारण दोन आठवड्यांनी आणि जन्मापासून तीन-चार आठवड्यांच्या आत त्या पेशी मरूनही गेलेल्या असतात, म्हणजे ऐकणं नीट सुरू व्हायच्या आतच संपलेलं असतं. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं.

आता हे ओळखायचं कसं? गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हातातल्या काठीच्या टोकाला बारीक शिट्टी बसवली होती, ती प्राण्यांच्या कानाजवळ नेऊन वाजवायची आणि कान हलतो का बघायचं, १८८३ च्या पुस्तकात त्याने हे लिहिलंय. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं घराघरात हीच परीक्षा चालू राहिली, टाळी वाजव, भांडं आपट, पिल्लू दचकलं की ऐकू येतंय. पण यात फसगत व्हायची, कारण बहिऱ्या पिल्लाला जमिनीचा हादरा कळतो, भावंडं उठली की तेही उठतं, आणि एकच कान बहिरा असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. १९७१ मध्ये ज्युएट आणि विलिस्टन यांनी माणसांमध्ये मेंदूच्या तळाशी उमटणाऱ्या आवाजाच्या लहरी डोक्यावरून मोजून दाखवल्या आणि तीच पद्धत पुढे कुत्र्यांसाठी बेअर टेस्ट म्हणून आली. कातडीखाली अगदी बारीक सुया, एका कानात टकटक आवाज, स्क्रीनवर लहरी उठल्या तर कान चालू, सपाट रेघ आली तर बंद, मग दुसरा कान. अमेरिकेत लुइझियानातले संशोधक जॉर्ज स्ट्रेन यांनी या टेस्टवर वर्षानुवर्षं काम केलं, आणि अमेरिकेतल्या डाल्मेशियन, म्हणजे पांढऱ्या अंगावर ठिपके असलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास ८ टक्के दोन्ही कानांनी आणि २२ टक्के एका कानाने बहिरे असतात हे त्यातूनच समोर आलं.

इथे या इतिहासातला सगळ्यात काळा भाग येतो. टेस्ट आली ती मुख्यतः ब्रीडिंगसाठी, आणि दोन्ही कानांनी बहिऱ्या पिल्लाचं काय करायचं यावर अमेरिकेतल्या डाल्मेशियन क्लबाची भूमिका सरळ होती, त्याला वेदना न देता मारायचं. कारण काय, तर असा कुत्रा दचकून चावतो, त्याला शिकवता येत नाही, तो गाडीखाली येईल. यात नुसता दुष्टपणा होता असं मी म्हणणार नाही, लोकांना खरंच तसं वाटायचं. पण ते कोणी नीट तपासलं नव्हतं. २०१४ मध्ये इलिनॉय स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी मालकांकडून ४६१ कुत्र्यांची माहिती घेतली, त्यातल्या १८३ ना ऐकू किंवा दिसायला कमी होतं, आणि आक्रमकपणा त्यांच्यात उलट कमी निघाला, हां, भुंकणं आणि नको ते चावत बसणं जास्त होतं.

दचकण्याचं म्हणाल तर आमची कुत्री तेराव्या वर्षी बहिरी झाली तेव्हा मीही पहिल्यांदा चुकलो, ती झोपेत असताना पाठीवर हात ठेवला आणि ती किंचाळून उठली. मग कोणीतरी सांगितलं की आधी हात नाकासमोर धर. उघडा तळवा, चार बोटं अंतरावर, आणि थांबायचं. आधी नाकपुड्या हलतात, मग मिशा, मग डोळे उघडतात आणि शेपटी एकदा जमिनीवर आपटते. त्यानंतर ती कधीच दचकली नाही.

शिकवण्याच्या बाजूला काय झालं तेही महत्त्वाचं आहे. १९१० मध्ये कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याचं ट्रेनिंगचं पुस्तक आलं, त्या परंपरेत हुकूम आणि पट्ट्याचा झटका हीच भाषा होती. १९४० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी दुसरा रस्ता धरला, बरोबर वागल्याच्या क्षणी एक ठरावीक इशारा आणि लगेच खाऊ. हा इशारा बहुतेक वेळा आवाजच असायचा म्हणून क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टिक असा आवाज करणारी छोटी डबी, लोकप्रिय झाला, पण मुद्दा आवाजाचा नव्हताच, मुद्दा वेळेचा होता, त्यामुळे बहिऱ्या कुत्र्यासाठी क्लिकच्या जागी वर केलेला अंगठा किंवा टॉर्चची एक उघडझाप ठेवली तरी सगळं तसंच चालतं. मला तरी इथेच खरं वळण दिसतं. आणि २०१६ मध्ये नेपल्सच्या संशोधकांनी पाण्यातून माणसं वाचवणाऱ्या, चांगलं ऐकू येणाऱ्या, ट्रेनिंग दिलेल्या कुत्र्यांना तोंडी आणि हाताने हुकूम देऊन बघितले तर हाताच्या खुणांना चुका कमी झाल्या. आपण बडबडतो आणि ते आपले खांदे, हात, चेहरा वाचत असतात, हे ते पूर्वीपासून करतायत.

आंधळ्या कुत्र्यांची गोष्ट जरा वेगळी गेली. १९११ मध्ये स्वीडनमध्ये मॅग्नुसनने गॉर्डन सेटर कुत्र्यांमध्ये डोळ्यातला पडदा हळूहळू झिजणारा आजार नोंदवला, ज्याला आता पीआरए (प्रोग्रेसिव्ह रेटिनल अ‍ॅट्रॉफी) म्हणतात. रात्रीचं दिसणं आधी जातं, मग दिवसाचं, आणि मालकाला बहुतेक वेळा खूप उशिरा कळतं कारण घराचा नकाशा कुत्र्याच्या डोक्यात पक्का असतो, खुर्ची हलवली की मगच धडकतो. ब्रियार्ड जातीतल्या जन्मजात अंधत्वाचा जीन सापडल्यावर लान्सलॉट नावाच्या पिल्लाच्या डोळ्यात चांगला जीन सोडून त्याला दृष्टी आली, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याच वाटेने पुढे डिसेंबर २०१७ मध्ये लक्सटर्ना हे औषध अमेरिकेत माणसांसाठी मंजूर झालं. ज्यांना आज त्यामुळे दिसतंय त्यांच्या मागे एक आंधळं पिल्लू आहे. २०२२ मध्ये कॉर्नेलच्या टीमने दाखवलं की कुत्र्याच्या मेंदूत वासाचा भाग आणि दृष्टीचा भाग थेट जोडलेले आहेत, त्यामुळे डोळे गेलेला कुत्रा अजून बॉल कसा शोधतो ते जरा समजतं. जिना जवळ आला की एक ठरलेला शब्द, पायाला वेगळी लागणारी चटई, ही आंधळ्या कुत्र्याशी बोलण्याची भाषा.

राहिली डबल मर्ल पिल्लं, मर्ल म्हणजे फिक्या अंगावर गडद डाग असलेला रंग, आणि डबल म्हणजे तो आई-बाप दोघांकडून आलेला. २००६ मध्ये मर्ल रंगाचा जीन सापडला आणि दोन मर्ल एकत्र आणले तर काही पिल्लं बहिरी, आंधळी किंवा दोन्ही होतात हे पक्कं झालं. ब्रिटनच्या केनेल क्लबने २०१३ पासून अशा जोडीची पिल्लं नोंदवणं बंद केलं, जे माझ्या मते खूप आधी व्हायला हवं होतं. पण जी बहिरी आणि आंधळी अशी दोन्ही जन्मली आहेत त्यांना फक्त स्पर्श आणि वास उरतो, मग खुणा अंगावर द्यायच्या, कंबरेवर दोन बोटं टेकवली की बस, हनुवटीखाली हात नेला की ये, छातीवर तळवा ठेवला की थांब. आणि दर वेळी आधी हात नाकासमोर, म्हणजे कोण आलंय ते त्याला कळतं.