पोटगी थकली की जेल : एक महिना नेमका कशाचा?

‘महिनाभर आत बसून येतो, हिशोब संपला’ असं पोटगी थकवणारे बिनधास्त बोलतात. पण हिशोब संपत नाही, आणि यात हाल होतात ते पोरांचे, म्हणून हे लिहितेय.

पोटगीची मूळ तरतूद इंग्रजांच्या काळातली, 1898 च्या फौजदारी संहितेतलं कलम 488. 1973 च्या संहितेत तेच 125 झालं. रकमेची कमाल मर्यादा 1955 ला महिना 500 रुपये केली आणि केंद्राच्या कायद्यात ती थेट 2001 ला उठली, मधे काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या केल्या तेवढंच. 500 रुपयांत पोर कसं वाढवायचं हे इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही, याचा अजून राग येतो.

खरा घोळ 125(3) मधे आहे. योग्य कारण नसताना पैसे थकवले तर आधी दंडासारखं वसुलीचं वॉरंट, आणि त्यानंतरही ‘प्रत्येक महिन्याची’ जी रक्कम बाकी राहील तिच्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद, किंवा त्याआधी भरले तर भरेपर्यंत. आता समजा महिना 5,000 ठरलेत आणि 12 महिने थकले, म्हणजे 60,000. मग कैद एक महिना की बारा? काही हायकोर्टांनी शब्द धरून बारा म्हटलं, पण 1999 मधे सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की एका वेळी एकच महिना, तरी भरले नाहीत तर बाईने परत अर्ज करावा. मला हे पटत नाही, कारण ‘प्रत्येक’ हा शब्द कायद्यात उगाच आलेला नाही, आणि परत अर्ज म्हणजे परत तारखा, परत वॉरंट, आणि ते ‘पत्त्यावर मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत येणार. त्या निकालाचा अर्थ कसा लावायचा यावर नंतरही हायकोर्टांत एकमत झालं नाही.

एक गोष्ट मात्र सर्वोच्च कोर्टाने 1989 लाच स्पष्ट केलीय. जेल हा वसुलीसाठीचा दबाव आहे, कर्जफेड नाही. आत जाऊन आला तरी 60,000 डोक्यावर तसेच.

सर्वोच्च कोर्टाच्या 2020 च्या निकालाने दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायला सांगितली, आणि दिवाणी हुकुमासारखी जप्ती लावूनही वसुली करता येते हे मांडलं.

1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) हे कलम 144 झालं, पण भाषा जवळपास तीच, म्हणजे वादही तोच. रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वसुलीचा अर्ज करायची अटही कायम. हक्क त्याने बुडत नाही, सर्वोच्च कोर्टाने 2013 लाच तसं सांगितलंय, पण हा वॉरंटचा रस्ता बंद होतो, आणि ‘पुढच्या महिन्यात देतो’ ऐकता ऐकता ते वर्ष कधी निघून जातं कळत नाही.