वारा समोरून, जोर कमी

20 जुलै 2002, शनिवार. स्कॉटलंडमधल्या म्युरफिल्डच्या मैदानावर गोल्फच्या ओपन स्पर्धेची तिसरी फेरी चालू होती. त्या वर्षीच्या पहिल्या दोन मोठ्या स्पर्धा, मास्टर्स आणि यूएस ओपन, टायगर वुड्सने आधीच खिशात घातल्या होत्या आणि इथेही तो आघाडीपासून फक्त दोन फटके मागे होता. मग समुद्रावरून वारा सुटला, पाऊस आडवा झोडपू लागला, आणि वुड्सने ती फेरी 81 फटक्यांत कशीबशी संपवली. व्यावसायिक झाल्यापासूनची ती त्याची तोवरची सर्वांत वाईट फेरी. दुसऱ्या दिवशी हवा निवळली. त्याच मैदानावर त्याच माणसाला 65 फटके पुरले.

एका रात्रीत 16 फटक्यांचा फरक पडतो तेव्हा हात गारठले, कपडे भिजले, मन उडालं, अशी कारणं लोक सांगतात. ती खोटी नाहीत, पण दुय्यम आहेत. खरी गोम चेंडूत आहे. गोल्फचा चेंडू नुसता हवेतून जात नाही, तो हवेवर तरंगत जातो. त्यामुळे हवेची मर्जी फिरली की सगळा हिशेबच फिरतो.

आधी चांगल्या हवेतलं गणित पाहू. नियमानुसार चेंडूचं वजन 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. कसलेल्या व्यावसायिकाच्या ड्रायव्हरवरून, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या काठीवरून, तो ताशी 270 किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. या वेगाला हवा त्याला मागे ओढते ते बळ त्याच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण अडीचपट भरतं. एवढी ओढ असताना चेंडू पावणेतीनशे मीटर जातोच कसा? याचं उत्तर फिरकीत आहे. क्लबचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठीचा, चेहरा थोडा मागे कललेला असतो, त्यामुळे चेंडू सुटताना उलटा फिरत सुटतो, मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या घरात. फिरता चेंडू मागून जाणाऱ्या हवेला खाली वळवतो आणि हवा त्याला वर उचलते. हा मॅग्नस परिणाम. सुरुवातीच्या क्षणांत ही उचल चेंडूच्या वजनापेक्षाही जास्त असते. म्हणूनच जोरकस ड्राइव्ह आधी सरळ निघतो आणि मग आणखी वर चढत गेल्यासारखा दिसतो. तो भास नसतो, चेंडू खरोखरच वर वळत असतो.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एडिनबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी, 1890 च्या दशकात. फिरकी म्हणजे फटक्यातला दोष, असा तेव्हा समज होता. टेट यांनी गणित मांडलं तर फिरकीशिवाय चेंडू इतका वेळ हवेत राहूच शकत नव्हता. फिरकी मोजायला त्यांनी केलेला खटाटोप मला फार आवडतो. चेंडूला लांब, हलकी फीत बांधायची, फितीचं दुसरं टोक पक्कं करायचं, चेंडू समोरच्या चिकणमातीत मारायचा आणि फितीला किती पीळ बसले ते मोजायचे. ना कॅमेरा, ना रडार. त्यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळातला नावाजलेला हौशी खेळाडू होता, त्यामुळे घरातल्या गप्पांनाही विषयाची कमतरता नसणार.

चेंडूवरचे तीनचारशे खळगे हीदेखील हवेशी केलेली तडजोडच. खळग्यांमुळे पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ थर खवळतो आणि चेंडूला जास्त मागपर्यंत चिकटून राहतो. मागची पोकळी अरुंद होते, ओढ जवळजवळ निम्मी होते. इंग्लंडच्या विल्यम टेलर यांनी खळग्यांचं पेटंट 1905 मध्ये घेतलं, पण ओरखडे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा लांब जातो हे खेळाडूंना त्याआधी कितीतरी वर्षं ठाऊक होतं. (1971 मध्ये अ‍ॅलन शेपर्ड यांनी चंद्रावर चेंडू मारला तेव्हा या खळग्यांचा काडीचा उपयोग नव्हता. तिथे ओढ नाही, उचलही नाही, आणि खराब हवेची तक्रार करायची सोयही नाही.)

आता वारा आणू. समोरून ताशी 36 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 10 मीटरचा वारा आहे. चेंडू सेकंदाला 75 मीटरने सुटला तर हवेच्या दृष्टीने त्याचा वेग 85 झाला. हवेची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ती सुरुवातीलाच 28 टक्क्यांनी वाढली. पुढे चेंडू मंदावतो तेव्हा परिस्थिती आणखी बिघडते. वेग 30 वर आला की वाऱ्यासकट तो 40 होतो आणि ओढ जवळजवळ पावणेदोन पट. पाठीमागून तेवढाच वारा असेल तर याच क्षणी ओढ 56 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे समोरचा वारा घेतो 78 आणि पाठीमागचा देतो 56. जाताना गमावलेलं येताना भरून निघेल, हा मैदानावरचा लाडका आशावाद इथे निकालात निघतो.

पण समोरच्या वाऱ्याचा खरा दगा ओढीत नाही, उचलीत आहे. उचलही वेगाच्या वर्गानेच वाढते. चेंडू वर, आणखी वर जातो, एका जागी थबकल्यासारखा दिसतो आणि जवळजवळ उभाच्या उभा खाली पडतो. आणि चेंडू किंचित तिरका फिरत असला, म्हणजे उजवीकडे किंवा डावीकडे थोडा वळणार असला, तर ते वळणही त्याच प्रमाणात वाढतं. शांत हवेत फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला थांबणारा चेंडू वाऱ्यात सरळ झाडीत जातो. चूक तेवढीच असते, वारा फक्त तिला मोठं करून दाखवतो.

अशा वेळी माणूस काय करतो? दात-ओठ खाऊन जोर लावतो. इथेच फसतो. क्लब जास्त वेगाने आला की चेंडूला वेग मिळतो तशी फिरकीही जास्त मिळते. जास्त फिरकी म्हणजे जास्त उचल, आणि समोरच्या वाऱ्यात उचल हाच तर शत्रू! म्हणून जाणते खेळाडू उलटं करतात. आयर्न म्हणजे लोखंडी क्लब, आकडा लहान तितका तो चेंडू लांब नेतो; सातच्या आयर्नचं अंतर असेल तर पाचचा किंवा चारचा घेतात, चेंडू पायांमध्ये थोडा मागे ठेवतात, पकड जरा खाली घेतात आणि तीन चतुर्थांश फटका आरामात मारतात. चेंडू खालून जातो, कमी फिरतो, आणि पडल्यावर घरंगळत पुढे सरकतो. समुद्राकाठच्या वाळूच्या जमिनीवरची जुनी मैदानं याच खेळासाठी आहेत. तिथे पाणी झटकन मुरतं, जमीन टणक राहते आणि चेंडूला उड्डाणाइतकाच घरंगळण्याचाही आधार असतो.

खालून मारण्याचा दुसरा फायदा सहसा लक्षात येत नाही. जमिनीलगत गवत, झुडपं, चढउतार वाऱ्याला अडवतात. जसजसं वर जावं तसा वारा वाढतो. व्यावसायिकाचा पूर्ण फटका, क्लब कोणताही असो, तीसेक मीटरची उंची गाठतो. मोकळ्या मैदानात त्या उंचीवरचा वारा माणसाच्या उंचीवरच्या वाऱ्याच्या साधारण दीडपट असतो. होलवरचं निशाण दोन मीटरवर फडफडत असतं. त्याच्याकडे बघून क्लब निवडणारा चुकतो. गवताची चिमूट उडवून पाहणं दिसायला छान, पण ती छातीच्या उंचीवरचाच वारा सांगते. नजर हवी झाडांच्या शेंड्यांकडे.

पावसाचं गणित वेगळं आहे. उडत्या चेंडूवर आदळणारे थेंब फारसं काही बिघडवत नाहीत. पाऊस घात करतो तो क्लब आणि चेंडू एकमेकांना भिडतात त्या अर्ध्या मिलिसेकंदात. फिरकी घर्षणातून येते आणि मध्ये पाण्याचा पापुद्रा आला की घर्षण जातं. क्लबच्या चेहऱ्यावरच्या आडव्या खाचा पाण्याला वाट करून देण्यासाठीच असतात. टायरच्या नक्षीचं काम तेच. खाचांत चिखल आणि गवताचा चोथा भरला की हे काम बंद पडतं. वेज या जवळच्या फटक्यांच्या, जास्त कललेल्या क्लबला याचा फटका सर्वांत मोठा बसतो. कोरड्यात मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्या घेणारा चेंडू ओल्यात निम्म्या फेऱ्यांवर येऊ शकतो. त्यातच तो क्लबच्या चेहऱ्यावरून वर घसरतो आणि नेहमीपेक्षा उंच कोनात निघतो. म्हणून ओल्या रफमधून, म्हणजे फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातून, मारलेला चेंडू कधी अनपेक्षितपणे ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) पलीकडे जातो, तर कधी भलताच उंच उडून अलीकडे पडतो. फटका नेहमीसारखा आणि निकाल लॉटरीसारखा, हे खेळाडूला वाऱ्यापेक्षाही जास्त छळतं.

मोठ्या स्पर्धांच्या व्यावसायिकांसाठी खाचांचा आकार आणि कडांची धार यांवर 2010 पासून निर्बंध आले, ते याच कारणाने. धारदार खाचांमुळे रफमधूनही फेअरवेइतकी फिरकी मिळू लागली होती आणि वाकडा फटका मारल्याची शिक्षाच उरली नव्हती.

ड्रायव्हरच्या बाबतीत पाऊस उलट्या बाजूने मारतो. तिथे मुळातच फिरकी कमी असते. ती आणखी घटली की उचल अपुरी पडते आणि चेंडू मध्येच दम संपल्यासारखा खाली येतो. त्यात जमीन मऊ, म्हणजे घरंगळणं नाही. तेव्हा पावसात सर्वांत कामाची वस्तू छत्री नव्हे, कोरडा टॉवेल. फटक्याआधी क्लबचा चेहरा आणि पकड पुसली की निम्मं काम झालं. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, चेंडूही पुसता येतो. फेअरवेवर मात्र तो उचलायची परवानगी नसते. हातमोजाही बदलावा. चामड्याचा मोजा भिजला की निसटतो. पावसाळी मोजे अशा कापडाचे असतात की ते भिजल्यावर उलट जास्त धरतात.

थंडीबद्दल थोडक्यात. शून्य अंशावरची हवा तीस अंशांवरच्या हवेपेक्षा साधारण 10 टक्के जास्त दाट असते, म्हणजे ओढही तेवढी जास्त. शिवाय चेंडूचा रबरी गाभा गारठला की कमी उसळतो. चेंडू खिशात ठेवून ऊब द्यायचा मोह होतो, पण खेळताना मुद्दाम तापवलेला चेंडू वापरायला नियमांची मनाई आहे. दमट हवा जड असते आणि चेंडूला अडवते, हे मात्र साफ चूक. पाण्याची वाफ नायट्रोजन आणि ऑक्सिजनपेक्षा हलकी, म्हणून दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच असते. फरक इतका बारीक की विसरून जावा.

ग्रीनवर वारा काय करतो ते 2015 च्या ओपनमध्ये, सेंट अ‍ॅन्ड्र्यूजला दिसलं. शनिवारी सकाळी खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला आणि थांबवावा लागला. ठेवलेले चेंडू आपोआप सरकत होते. त्यानंतर खेळ दहा तासांहून जास्त वेळ बंद राहिला आणि स्पर्धा सोमवारी संपली. बारीक कापलेल्या ग्रीनवर घरंगळणाऱ्या चेंडूला होणारा विरोध त्याच्या वजनाच्या जेमतेम विसाव्या भागाइतका असतो. थोडा उतार आणि एक जोराची झुळूक एवढं त्याला पुरतं. समुद्राकाठच्या मैदानांवर ग्रीनचं गवत मुद्दाम थोडं वाढू देतात, ते यासाठीच.

वारा, पाऊस, थंडी यांच्याशी वाटाघाटी करता येतात. विजेशी नाही. 27 जून 1975 रोजी शिकागोजवळ वेस्टर्न ओपनमध्ये ली ट्रेव्हिनो, जेरी हर्ड आणि बॉबी निकल्स या तिघांना विजेचा धक्का बसला. तिघेही वाचले, पण ट्रेव्हिनोच्या पाठीवर पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. वीज बहुतेकांना थेट अंगावर पडून मारत नाही. ती जवळ कुठेतरी पडते आणि जमिनीतून पसरते. दोन पावलांमध्ये अंतर असेल तर दोन्ही ठिकाणच्या विद्युतदाबात फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. झाडाखाली उभं राहणं तर त्याहून वाईट; बुंध्यातून उतरणारी वीज मध्येच शेजारच्या माणसाकडे उडी मारते. शूजचे रबरी तळवे वाचवतील ही समजूत भाबडी आहे. किलोमीटरभर हवा फोडून आलेल्या विजेला बोटभर रबर ते काय?

चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. नुसत्या पावसाला भिऊन खेळ सोडता येत नाही, पण विजेचा धोका वाटला तर कुणाची परवानगी न घेता थांबण्याची मुभा नियम देतात. भोंगा एकदा लांब वाजला की तिथल्या तिथे थांबायचं, उरलेला पुट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटकासुद्धा मारायचा नाही. चेंडूची जागा खुणेने दाखवून तो उचलला तरी चालतो, तसाच ठेवला तरी चालतो. एरवी वाऱ्याने हलवलेला चेंडू बहुधा नव्या जागेवरूनच खेळावा लागतो. इथे मात्र, वादळाने तो दरम्यान कुठेही नेला असला, तरी दोन छोटे भोंगे वाजल्यावर मूळ जागी आणून ठेवायचा आणि पुढचा फटका मारायचा.