नैसर्गिक निवड : डॅफ्नी मेजर बेटावरील फिंच पक्षी

एकाच ठिकाणी राहणाऱ्या आणि आपसांत वीण करणाऱ्या एका जातीच्या प्राण्यांच्या गटाला समष्टी म्हणतात. समष्टीतले सगळे प्राणी सारखे नसतात. कुणाची चोच जाड असते, कुणाची बारीक. कुणी थोराड असतो, कुणी चणीने लहान. यांपैकी काही फरक आईबापांकडून पिल्लांत उतरतात. अशा एखाद्या आनुवंशिक फरकामुळे काही प्राणी इतरांपेक्षा जास्त जगले किंवा त्यांना जास्त पिल्ले झाली, तर पुढच्या पिढीत त्या गुणाचे प्रमाण वाढते. या प्रक्रियेला नैसर्गिक निवड म्हणतात. चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस या दोघांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि दोघांचे लेखन १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले.

जगण्या-मरण्याचा प्रश्न एकेका प्राण्यापुढे येतो, पण बदलते ती समष्टी. दुष्काळ पडला म्हणून कोणत्याही पक्ष्याची चोच जाड होत नाही. बारीक चोचीचे मरतात, जाड चोचीचे तगतात आणि उरलेल्यांची सरासरी काढली की ती आधीपेक्षा जास्त भरते. शाळेत उत्क्रांती शिकताना हा मुद्दा बहुतेकांच्या हातून निसटतो. मग ‘प्राणी गरजेनुसार बदलतात’ असा समज डोक्यात बसतो आणि तो सहजासहजी जात नाही.

हे बदल इतके सावकाश होतात की ते घडताना माणसाला दिसणारच नाहीत, असे डार्विनचे मत होते. प्रत्यक्षात ते दिसले, आणि तेही ज्या गालापागोस बेटांवर तो १८३५ साली पाच आठवडे राहिला होता तिथेच.

डॅफ्नी मेजर

गालापागोस हा प्रशांत महासागरातील एक्वादोर देशाचा द्वीपसमूह. त्यातील सांताक्रूझ आणि सांतियागो या मोठ्या बेटांच्या मधे डॅफ्नी मेजर नावाचे एक चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ०.३४ चौरस किलोमीटर, उंची १२० मीटरच्या आसपास. हे बेट म्हणजे विझलेल्या ज्वालामुखीचा समुद्रातून वर आलेला सुळका. कडे इतके उभे आहेत की होडी लावायला किनारा नाही. लाटेचा अंदाज घेत होडीतून खडकाच्या कंगोऱ्यावर पाय टाकावा लागतो आणि मग पाण्याच्या कॅनपासून तंबूपर्यंत सगळे हातोहात वर चढवावे लागते. बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. निवडुंग, काही खुरटी झाडे, पावसानंतर उगवणारे गवत व तण एवढीच वनस्पती.

माणसाला राहायला नकोशी वाटणारी ही जागा अभ्यासाला मात्र उत्तम ठरली. बेट इतके लहान की त्यावरचा जवळजवळ प्रत्येक फिंच (बिया टिपणारा चिमणीसारखा लहान पक्षी) ओळखता येतो. शिवाय माणसाची वस्ती नाही, शेती नाही, मांजरे नाहीत. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ साली इथे काम सुरू केले आणि २०१२ पर्यंत ते दरवर्षी सहकाऱ्यांसह इथे येत राहिले. पक्षी जाळीत पकडायचा, वजन करायचे, चोचीची लांबी, रुंदी आणि बुडाशी असलेली जाडी मिलिमीटरच्या दशांशापर्यंत मोजायची, पायात रंगीत वळी घालायची आणि सोडून द्यायचा. वळ्यांच्या रंगांच्या क्रमावरून तो पक्षी पुढे दुर्बिणीतूनही ओळखता येई. कोणाची जोडी कोणाशी जमली, घरट्यात किती पिल्ले झाली, त्यांतली किती जगली याची नोंद वर्षानुवर्षे ठेवली गेली. पक्ष्यांइतक्याच काटेकोरपणे बियाही मोजल्या गेल्या : दर चौरस मीटर जमिनीत कोणत्या बिया किती, आणि प्रत्येक बी फोडायला किती जोर लागतो. या अभ्यासाचे मोल तिथेच आहे. निवड झाली एवढे सांगणे सोपे असते. कशामुळे झाली हे सांगायला खाणारा आणि खाद्य, दोघांचा हिशोब हाताशी असावा लागतो.

बेटावर मुख्यतः दोन जाती होत्या, मध्यम भू-फिंच आणि निवडुंग फिंच. मध्यम भू-फिंच चिमणीएवढा, साधारण १८ ग्रॅम वजनाचा. त्याची चोच आखूड व जाड, पण पक्ष्यापक्ष्यांत तिच्या जाडीचा फरक बराच. हा फरक बहुतांशी आनुवंशिक आहे, हे आईबाप आणि त्यांची वाढ झालेली पिल्ले यांची मापे ताडून पाहिल्यावर सिद्ध झाले.

१९७७ चा दुष्काळ

डॅफ्नीवर जानेवारी ते मे हा पावसाचा काळ. १९७७ साली त्या काळात फक्त २४ मिमी पाऊस पडला. आदल्या वर्षी तो १३० मिमीच्या आसपास होता. गवत उगवले नाही, फुले धरली नाहीत, नव्या बिया तयार झाल्या नाहीत. मध्यम भू-फिंचांनी त्या वर्षी वीणच केली नाही. जमिनीत शिल्लक होते त्यावर सगळ्यांनी ताव मारला आणि मऊ, बारीक बिया पहिल्या काही महिन्यांत संपल्या. उरल्या त्या मोठ्या आणि टणक.

त्यांत मुख्य होती सराट्याची फळे. आपल्याकडे माळावर, शेताच्या बांधावर अनवाणी पायात रुततो तो सराटा म्हणजे गोखरू आणि डॅफ्नीवरचा सराटा या एकाच प्रजातीतल्या दोन वेगळ्या जाती, सख्ख्या म्हणाव्यात इतक्या जवळच्या. फळ वाळले की त्याचे पाच काटेरी तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याच्या कठीण कवचात काही बिया दडलेल्या असतात. ज्याने कधी वाळका सराटा दातांनी फोडून पाहिला असेल त्याला त्या पक्ष्यांपुढचे काम कळेल. जाड चोचीचा फिंच तुकडा पकडतो, कोपऱ्यावर जोर देऊन पिळतो आणि कवचाचा टवका उडवून आतली बी काढतो. बारीक चोचीच्या पक्ष्याला ते जमत नाही; थोडा वेळ झटून तो नाद सोडतो. दोघांच्या चोचींत फरक असतो तो एखाद्या मिलिमीटरचा, कधी त्याहूनही कमी.

सुमारे १,२०० मध्यम भू-फिंचांपैकी १८० च्या आसपास उरले. जे वाचले त्यांच्या चोचींची सरासरी जाडी आधीच्या समष्टीपेक्षा जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने जास्त होती. पीटर बोग आणि पीटर ग्रँट यांनी १९८१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण इथवर झाली ती फक्त निवड. उत्क्रांती झाली असे म्हणायला पुढची पिढी पाहावी लागते. १९७८ मध्ये पाऊस आला, वीण झाली आणि त्या पिल्लांच्या चोची मोठेपणी मोजल्या तेव्हा त्या दुष्काळापूर्वीच्या पिढीपेक्षा सुमारे ४ टक्के जाड निघाल्या. मरणाऱ्यांमुळे जेवढी सरासरी सरकली होती, तिचा बराचसा भाग पिल्लांत टिकला होता. जो गुण जितका आनुवंशिक, तितका निवडीचा परिणाम पुढच्या पिढीत उतरतो. गुरांची पैदास करणारे हे गणित पूर्वीपासून वापरत आले आहेत. इथे ते रानात, कुणीही न निवडता, आकड्यांनिशी जुळून आले.

दुष्काळाचा आणखी एक परिणाम झाला. माद्या नरांपेक्षा सरासरीने लहान, म्हणून त्या जास्त मेल्या. वाचलेल्यांत माद्या कमी आणि नर कितीतरी जास्त. अशा वेळी माद्यांना पारखून जोडीदार घेता येतो, आणि त्यांनी मोठे, काळ्या पिसाऱ्याचे, जाड चोचीचे नर पसंत केले. म्हणजे उपासमारीने ज्या दिशेला समष्टी ढकलली, त्याच दिशेला जोडीदाराच्या निवडीनेही ढकलली.

उलटी दिशा

इथेच गोष्ट संपली असती तर ‘बळी तो कान पिळी’ हाच निसर्गाचा नियम, असे कुणीही म्हणाले असते. पुढची काही वर्षे या समजाला छेद देणारी आहेत, आणि डॅफ्नीच्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो.

१९८२ च्या अखेरीस तीव्र एल निनो आला, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा बरेच तापले. १९८३ साली डॅफ्नीवर १,३५९ मिमी पाऊस कोसळला. उजाड बेट हिरवेगार झाले. वेलींनी निवडुंग झाकून टाकले, सराटा गवताखाली गुदमरला आणि बारीक बिया देणाऱ्या तणांचे रान माजले. फिंचांनी एकामागून एक विणी केल्या. जेमतेम तीन महिन्यांच्या मादीनेही अंडी घातल्याची नोंद आहे. मग पाऊस पुन्हा ओसरला आणि १९८५ च्या दुष्काळात पक्षी मरू लागले. या वेळी जमिनीत ढीग होता तो बारीक बियांचा. मोठ्या चोचीच्या थोराड पक्ष्याला अंग राखायला जास्त अन्न लागते आणि बारीक बिया टिपताना त्याची चोच सोयीची नसते. त्यामुळे तगले ते लहान चोचीचे. आठ वर्षांपूर्वी जे गुण तारक ठरले होते तेच आता मारक ठरले.

निवडीला ठरलेली दिशा नसते, असा याचा अर्थ. दोन्ही वेळा दुष्काळच पडला होता. फरक होता तो दुष्काळाआधी कोणती बी पिकली होती याचा. एकाच पक्ष्याच्या आयुष्यातही हे ताण उलटसुलट असतात. बऱ्या वर्षी कोवळ्या पक्ष्यांना पहिल्या कोरड्या हंगामात लहान शरीर फायद्याचे पडते, कारण त्याला थोडे अन्नही पुरते. मोठेपणी मात्र थोराडपणा उपयोगी पडतो. वीस-तीस वर्षांनी कुणी फक्त एकदाच येऊन मोजमाप केले असते तर त्याला मधले हे चढउतार दिसलेच नसते. स्थिर दिसणाऱ्या कित्येक समष्टींच्या आत असे झोके चालू असण्याची शक्यता आहे.

प्रतिस्पर्ध्याचे आगमन

१९८२ च्या सुमारास मोठा भू-फिंच डॅफ्नीवर वीण करू लागला. वजन साधारण ३० ग्रॅम, सराटा फोडण्यात पटाईत. सुरुवातीला त्याची संख्या कमी असल्याने कुणाला झळ पोहोचली नाही. पुढे ती वाढली आणि २००३ व २००४ ही लागोपाठ कोरडी वर्षे आली. सराट्याचा साठा मोठ्या भू-फिंचांनी फस्त केला. १९७७ साली जाड चोचीच्या मध्यम भू-फिंचांना ज्या खाद्याने तारले होते, ते आता त्यांच्या वाट्याला उरले नव्हते, म्हणून या खेपेस तेच मेले. समष्टीची सरासरी चोच एकदम लहान झाली. मोठ्या भू-फिंचांचेही भागले नाही. साठा संपल्यावर त्यांचे अवघे १३ पक्षी उरले. खाद्यावरून स्पर्धा असलेल्या दोन जाती एकत्र आल्या की त्यांच्यातला फरक वाढत जातो, हे तत्त्व जुने होते. ते प्रत्यक्ष घडताना टिपण्याची ही विरळा संधी होती.

आधीपासून साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांमुळे याचा जनुकीय धागाही सापडला. २०१६ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील लेफ अँडरसन यांच्या गटाने ग्रँट दांपत्याबरोबर दाखवून दिले की चोचीच्या आकारमानाशी ‘एचएमजीए२’ या जनुकाचा निकटचा संबंध आहे आणि २००४-०५ मध्ये कोण जगले, कोण मेले हे या जनुकाच्या कोणत्या प्रती पक्ष्याकडे होत्या त्याच्याशी ठळकपणे जोडलेले होते. माणसाच्या उंचीतील फरकांशीही याच जनुकाचा संबंध आढळला आहे.

सराट्यावरही फिंचांचा परिणाम होतो, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. जे तुकडे फोडायला सोपे, ते आधी खाल्ले जातात; जास्त टणक आणि लांब काट्यांचे तुकडे वाचण्याची शक्यता अधिक. पक्ष्याची चोच आणि फळाचे कवच एकमेकांना घडवत राहतात.

जिथे माणूस निवड करतो

खाद्याच्या जागी शिकार आली तरी गणित तेच राहते. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ या काळात यादवी युद्ध झाले. दोन्ही बाजूंनी हस्तिदंतासाठी हत्ती मारले आणि गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानातील हत्तींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. आफ्रिकेतील हत्तींत नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात (आपल्याकडच्या हत्तिणींना बाहेर दिसणारे मोठे सुळे नसतात आणि बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात). युद्धापूर्वी गोरोंगोसातील माद्यांपैकी साडेअठरा टक्के बिनसुळ्यांच्या होत्या. युद्धातून वाचलेल्या माद्यांत हे प्रमाण वाढून सुमारे पन्नास टक्के झाले. पुढे युद्धानंतर जन्मलेल्या माद्यांतही सुमारे एकतृतीयांश बिनसुळ्यांच्या निघाल्या. म्हणजे बंदुकीने केलेली निवड गोळीबार थांबल्यावरही पिढीत उतरली.

मात्र बिनसुळ्याचा नर तिथे जवळजवळ आढळत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार या गुणाचा उगम एक्स गुणसूत्रावर आहे. मादीकडे दोन एक्स गुणसूत्रे असल्याने तिचे निभावते. नर गर्भाकडे एकच एक्स असते आणि ते बदललेले असेल तर तो जन्मापूर्वीच दगावतो. त्यामुळे बिनसुळ्यांच्या हत्तिणींच्या पिल्लांपैकी सुमारे दोनतृतीयांश माद्या असतात. शिवाय सुळ्यांनी झाडाची साल सोलणे, पाण्यासाठी जमीन उकरणे ही कामे बिनसुळ्याच्या हत्तिणीला तशी करता येत नाहीत. शिकाऱ्यापासून वाचण्याची ही किंमत गोरोंगोसातील कळप आज, शिकार आटोक्यात आल्यानंतरही, मोजत आहेत.