सदोष पिक्सेल

सदोष पिक्सेल : पडद्यावरचे चित्र बदलले तरी स्वतः न बदलणारा, एकाच जागी काळा, पांढरा किंवा रंगीत राहणारा बिंदू. बोलीत सरसकट ‘डेड पिक्सेल’ म्हणतात. जुन्या लॅपटॉपवर असा ठिपका आला तर लोक चालवून घेतात; नव्याकोऱ्या लॅपटॉपवर मात्र तो डोळ्यांत खुपतो. तिथे प्रश्न दुरुस्तीपेक्षा बदलून घेण्याच्या मुदतीचा असतो. प्रस्तुत नोंदीत पुण्यातल्या खरेदीच्या अंगाने त्याचा विचार केला आहे.

फुल एचडी पडद्यावर १,९२० × १,०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल आणि एलसीडी प्रकारात प्रत्येक उपपिक्सेलमागे एक ट्रान्झिस्टर, म्हणजे सूक्ष्म विद्युत कळ. एकूण ६२ लाखांहून अधिक. १५.६ इंची पडद्यावर पिक्सेलची रुंदी साधारण ०.१८ मिलिमीटर भरते. कारखान्यात काचेवर हे थर चढवताना धुळीचा कण बसला किंवा एखादी जोडणी अर्धवट राहिली, तर तेवढा बिंदू आज्ञा पाळत नाही.

पूर्ण काळा तो मृत, सतत पांढरा तो उजळ आणि एकाच रंगात अडकलेला तो ‘स्टक’ पिक्सेल. तोच बिघाड सगळ्या पडद्यांवर सारखा दिसत नाही. टीएन या एलसीडी प्रकाराच्या पडद्यात वीज नसताना प्रकाश आरपार जातो, म्हणून ट्रान्झिस्टर निकामी झाला की बिंदू उजळतो. आयपीएस या दुसऱ्या एलसीडी प्रकारात उलट, तो काळा पडतो. ओएलईडीत पिक्सेल स्वतःच प्रकाशतो, तेव्हा मेला की अंधार. काळा ठिपका मजकुराच्या गर्दीत सहसा लपतो. काळ्या पार्श्वभूमीवरचा हिरवा ठिपका मात्र सिनेमा बघू देत नाही.

ग्राहकाच्या लेखी ‘नवा’ म्हणजे निर्दोष. उत्पादकाच्या लेखी ठरलेल्या मर्यादेतला. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १३४०६-२ या २००१ च्या मानकाने पडद्यांचे चार वर्ग केले. पहिल्यात एकही दोष चालत नाही. दुसऱ्यात दर दहा लाख पिक्सेलमागे २ उजळ, २ काळे आणि ५ उपपिक्सेल-दोष चालतात. म्हणजे फुल एचडी पडद्यावर ४ काळे ठिपके असले तरी माल ‘पास’. २००८ मध्ये या मानकाची जागा आयएसओ ९२४१ मालिकेने घेतली. वॉरंटीत मात्र प्रत्येक कंपनी आपली मर्यादा आपण लिहिते. सर्व्हिस सेंटरवर ‘एका डॉटवर पॅनल बदलत नाही’ असे उत्तर मिळते ते या कागदाच्या आधारे, आणि समोरच्या मुलाशी वाद घालून ते बदलत नाही.

म्हणून पहिले दिवस मोलाचे. अनेक विक्रेते सुरुवातीच्या थोड्या दिवसांत अख्खा नग बदलून देतात. ती मुदत संपली की प्रकरण वॉरंटीत जाते आणि वरची मर्यादा लागू होते. पुण्यात इथेच एक खास घोटाळा होतो. दसऱ्याला पूजा करायची म्हणून लॅपटॉप आधी आणून ठेवतात आणि खोके मुहूर्तावर फोडतात. पण दिवस मोजले जातात बिलाच्या किंवा घरपोच मिळाल्याच्या तारखेपासून. हळदकुंकू खुशाल दसऱ्याला वाहावे, पडदा त्याआधीच तपासावा. टिळक रस्त्यावरच्या दुकानांतून घेताना बिल झाल्यावर, पण दुकानातून पाय काढण्यापूर्वी यंत्र चालू करून बघणे सर्वांत सोपे. हिंजवडीतल्या नोकरदाराला कंपनीकडून मिळालेल्या लॅपटॉपचा प्रश्न निराळा. तो आयटी विभागाकडे नेऊन द्यावा, स्वतः काही करू नये.

तपासणीला पाच मिनिटे पुरतात. काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा अशी सपाट रंगांची चित्रे पेन ड्राइव्हवर न्यावीत आणि पूर्ण पडद्यावर एकेक दाखवावीत. पडदा आधी मऊ कापडाने पुसावा. निम्मे ‘डेड पिक्सेल’ तिथेच निघून जातात. ठिपका खरा असेल तर पुराव्यासाठी मोबाइलने जवळून फोटो काढावा. स्क्रीनशॉटचा उपयोग नाही, कारण दोष काचेत असतो, चित्रात नसतो. ऑनलाइन मागवलेल्या नगाचे खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ काढून ठेवणे शहाणपणाचे. दुकानदार पुष्कळदा सर्व्हिस सेंटरचे ‘डीओए’ (डेड ऑन अरायव्हल, म्हणजे नग मुळातच सदोष आल्याचे) पत्र मागतो. त्यासाठी तक्रारीची जॉब शीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरची लेखी नोंद, मुदतीच्या आतली हवी. फोनवर दिलेल्या आश्वासनाला इथे किंमत नाही.

घरगुती उपायांपैकी रंग भराभर पालटणारी चित्रफीत ठिपक्यावर चालवणे निदान निरुपद्रवी आहे. अडकलेला पिक्सेल त्याने कधी सुटतो, मेलेला सुटत नाही. कापडातून बोटाने दाबण्याचा सल्ला नव्या लॅपटॉपसाठी वाईटच : शेजारचे पिक्सेल जातात आणि दाबाची खूण राहिली तर ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून वॉरंटीही हातची जाते. खात्रीचा इलाज पॅनल बदलणे. बाहेर बदलायचे तर जुन्या पॅनलच्या पाठीवरचा क्रमांक आणि ३० किंवा ४० पिनची जोडणी जुळवून घ्यावी लागते. मुदत चुकली आणि काळा ठिपका कोपऱ्यात असेल, तर तो तसाच ठेवणे व्यवहार्य.

विक्रेता दाद देत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ऑनलाइन विक्रेत्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी सदोष वस्तू परत घेणे बंधनकारक केले आहे. एक पिक्सेल म्हणजे ‘दोष’ का, यावर मात्र वाद होऊ शकतो. कंपनीचे लेखी धोरण आणि जाहिरातीतले दावे तिथे कामाला येतात. सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करावी. ग्राहक पंचायतीची चळवळ बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यातच सुरू केली, त्यामुळे मार्गदर्शन करणारे कार्यकर्ते या शहरात दुर्मीळ नाहीत. पुढची पायरी पुणे जिल्हा ग्राहक आयोग : कंपनी परराज्यातली असली तरी ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.