टेललॅम्पचं टाइप अप्रूव्हल: अर्ज नेमका कुठे अडकतो

टेललॅम्पच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा आकडा (१ जर्मनी, ४ नेदरलँड्स) टाकायचा असेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १४८ खाली मान्यता लागते. हेच टाइप अप्रूव्हल: नमुना तपासून त्या प्रकारच्या सगळ्या दिव्यांना दिलेली मान्यता. १९५८ च्या करारातल्या, हा नियम लागू असलेल्या देशाच्या प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. कारखाना त्याच देशात हवा, असं काही नाही.

अर्जदार ब्रँडचा मालक किंवा त्याने रीतसर नेमलेला प्रतिनिधी असावा. दुसऱ्याचा माल विकणाऱ्याने अधिकारपत्र आधी हातात घ्यावं, मग अर्जाचं बघावं.

ड्रॉइंग, थोडक्यात तांत्रिक वर्णन आणि दोन नमुने, एवढं नेहमीचंच. डावा-उजवा दिवा आरशातल्यासारखा उलट असेल, तर एकाच बाजूचे दोन नमुने चालतात. ड्रॉइंगवर मान्यता क्रमांकाची जागाही दाखवायची असते. ‘क्रमांकच मिळाला नाही, तर दाखवू काय?’ असं लोक विचारतात. अहो, रिकामी चौकट काढा!

खरा खोळंबा होतो तो कारखान्यातून निघणारा प्रत्येक दिवा नमुन्यासारखाच असेल, याची व्यवस्था दाखवताना. ती तपासल्याशिवाय मान्यता मिळत नाही. बहुतेकांकडे लॅबचा पास रिपोर्ट असतो, पण तपासणीच्या नोंदी, त्यांची वारंवारता, नापास मालाचं काय करता, यातलं लिहिलेलं काहीच नसतं. हे कागद एका रात्रीत बनवू नका, तपासणाऱ्याला ते पहिल्याच पानावर कळतं.

चाचणीत एलईडीवाले फसतात. एकाच ठरावीक तेजाच्या साध्या ब्रेकलाइटला संदर्भ अक्षावर (मोजणीसाठी ठरवलेल्या मुख्य दिशेत) किमान ६० आणि कमाल २६० कॅन्डेला (तेजाचं एकक) लागतात, टेललाइटला ४ ते १७. मोजमाप एका मिनिटानंतर आणि पुन्हा ३० मिनिटांनंतर होतं. समजा, ब्रेकलाइट सुरुवातीला ६४ देतो आणि तापल्यावर ५७ वर येतो: नापास. म्हणून हीटसिंकवर, म्हणजे एलईडीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर, पैसे वाचवू नका. एका दिव्यात अनेक एलईडी असतील, तर त्यातला एक गेल्यावरही किमान तेज टिकतं का, हेही बघतात. सगळे सीरीजमध्ये (एकामागोमाग एक, एकाच साखळीत) जोडले असतील तर ते एकच स्रोत धरले जातात. हे सर्किटच्या कागदावर स्पष्ट लिहा, नाहीतर पत्रव्यवहार सुरू.

तारखा वाचतानाही घोळ होतो. नियमातल्या दुरुस्त्यांची नवी मालिका आली की ‘नवीन मान्यता’ आणि ‘जुन्या मान्यतेचा स्वीकार’ यांच्या तारखा वेगळ्या असतात. पहिली तारीख पाहून जुना चालू दिवा बंद करणारे कमी नाहीत.

दिवा पास झाला म्हणजे गाडी पास झाली असंही नाही. बसवणीचा नियम ४८ वेगळा आहे: मागचा फॉगलॅम्प ब्रेकलाइटपासून १०० मिमीपेक्षा जास्त अंतरावर हवा, इंडिकेटर मिनिटाला ९० वेळा, ३० इकडे-तिकडे, लुकलुकायला हवा. आणि मान्यतेनंतर एलईडीचा पुरवठादार बदललात, तर गप्प बसू नका, आधी प्राधिकरणाला कळवा. त्यांनी फेरचाचणी मागितली नाही, तरी फाइलमध्ये तसं त्यांचं पत्र असू द्या.