क्लचचं पेडल गेलं, क्लचचा खर्च राहिला

ऑटोमॅटिक गाडी वाहतुकीत मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि खालून थरथर येऊ लागते. स्टिअरिंगवरच्या हातांना ती कळते, सीटला टेकलेल्या पाठीला कळते. वेग थोडा वाढला की थरथर नाहीशी होते, म्हणून सुरुवातीला आपण दुर्लक्ष करतो. पुढे सिग्नलला गाडी उचल घेताना झटका देते, चढावर क्षणभर मागे सरते. गाडी सर्व्हिसला नेली की पहिला प्रश्न येतो, ‘गाडी कशी चालवता?’ त्यामागोमाग खुलासा येतो, ‘क्लच ही झिजणारी वस्तू आहे, ती वॉरंटीत बसत नाही.’

ज्या गाडीत क्लचचं पेडलच नाही, तिच्या मालकाला ‘तुम्हीच क्लच जाळलात’ असं ऐकावं लागतं. हा प्रश्न आणि हा खुलासा दोन्ही जुन्या काळातून आले आहेत. गाडी पूर्णपणे माणसाच्या पायावर चालायची, तेव्हाचा हा हिशेब आहे.

1890च्या दशकात फ्रान्समध्ये एमिल लव्हासोर यांनी सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स गाडीत बसवला. पुढच्या सगळ्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा तो पूर्वज. फिरणाऱ्या दात्यांत दुसरे फिरणारे दाते घुसवायचे म्हणजे मध्ये काहीतरी सोडवणारं हवं. ते काम क्लचचं. इंजिनाकडची चकती आणि गिअरबॉक्सकडची चकती एकमेकींवर दाबल्या की ताकद जाते, अलग केल्या की थांबते. दाबल्या जाण्याआधी त्या क्षणभर एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यातच क्लचचं आयुष्य संपत जातं. ते घासणं किती वेळ चालू द्यायचं, हे पूर्णपणे चालकाच्या डाव्या पायाच्या हाती होतं. हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी चढावाला धरून ठेवणाऱ्याची प्लेट लवकर जळायची, पाय हलका असणाऱ्याची वर्षानुवर्षं टिकायची. म्हणून क्लच हा ब्रेकच्या लायनरसारखा झिजणारा भाग मानला गेला आणि वॉरंटीतून वगळला गेला. त्या काळात तो नियम न्याय्यच होता, हे मोकळेपणानं सांगायला हवं.

1928 मध्ये कॅडिलॅकनं अर्ल थॉम्पसन यांच्या कल्पनेवरचा सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणला, दात्यांची खरखर थांबली आणि गिअर बदलणं सोपं झालं. पण पाय क्लचवरच राहिला.

तो पाय सोडवण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते. जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांनी 1905 मध्ये जहाजांच्या टर्बाइनसाठी एक युक्ती शोधली. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा; हवेच्या झोतानं दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. हवेऐवजी तेल आणि उघड्या पंख्यांऐवजी बंद डबा घेतला की फ्लुइड कपलिंग झालं. मध्ये पोलादाला पोलाद भिडत नाही, घासणारी चकती नाही, फक्त तेल. कॅनडाच्या आल्फ्रेड मन्रो यांनी 1923 मध्ये दाबाच्या हवेवर चालणाऱ्या आपोआप गिअरचं पेटंट घेतलं, पण ते बाजारात रुजलं नाही. रुजला तो हायड्रामॅटिक. जनरल मोटर्सनं तो 1939 मध्ये, 1940च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी आणला. फ्लुइड कपलिंग, प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती ग्रहांसारखी फिरणारी दात्यांची चाकं) आणि तेलाच्या दाबावर आपसूक बदलणारे चार गिअर. दुसऱ्या महायुद्धात तोच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसला. 1948 मध्ये ब्यूइकनं डायनाफ्लो आणला आणि प्रवासी गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आला; कपलिंगच्या दोन पंख्यांच्या मध्ये तिसरं चाक घालून तो सुरुवातीची ओढ वाढवतो.

या रचनेचा मोठा गुण म्हणजे रांगताना निर्माण होणारी उष्णता तेलात जाते आणि तेल कूलरमधून गार होऊन परत येतं. तासभर गर्दीत सरकत राहिलं तरी जळायला प्लेट नसते. आत गिअर बदलणाऱ्या चकत्या असतात, पण त्याही तेलात बुडालेल्या. दोष एवढाच की तेल घसरतं, आणि घसरण म्हणजे वाया गेलेलं इंधन.

इंधन स्वस्त होतं तोवर हा दोष कोणाच्या लक्षात आला नाही. 1973च्या तेलसंकटानंतर तो एकदम डोळ्यांत खुपू लागला. 1975 मध्ये अमेरिकेनं गाड्यांच्या सरासरी मायलेजचा कायदा केला. कंपन्यांनी वजन कापायला घेतलं आणि कात्री गिअरबॉक्सवरही चालली. माझ्या मते आजच्या गाडीमालकांच्या वैतागाची मुळं इथं आहेत. तिथून पुढे हीच कथा पुन्हा पुन्हा घडत आली. मायलेजसाठी गिअरबॉक्स हलका किंवा नवा करायचा, घाईनं बाजारात आणायचा, आणि त्याची खरी परीक्षा मालकाच्या पैशानं रस्त्यावर होऊ द्यायची.

पहिला ठळक नमुना 1976चा टर्बो हायड्रामॅटिक 200. जनरल मोटर्सनं तो वजनानं हलका केला होता. तुलनेनं जड आणि ताकदवान गाड्यांतही तो बसवला गेला आणि तक्रारींचा पूर आला. 1983 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेबरोबर तडजोड होऊन कंपनीला देशभर त्रयस्थ लवादाची सोय करावी लागली. मालकानं कागद घेऊन लवादापुढे जायचं आणि आपल्याच गिअरबॉक्सचा दोष सिद्ध करायचा. दोष हजारोंचा एकच, पण भांडायचं प्रत्येकानं एकट्यानं.

त्याच काळात फोर्डचंही प्रकरण गाजत होतं. 1966 ते 1980 या मॉडेलांच्या ऑटोमॅटिक गाड्या पार्कमधून आपोआप रिव्हर्सला जात असल्याच्या तक्रारी होत्या. माणसं जखमी झाली, काही दगावली. अखेर अमेरिकी परिवहन खात्याशी समझोता झाला आणि सुमारे 2 कोटी 30 लाख गाड्यांसाठी डॅशबोर्डवर चिकटवायचा इशारा पाठवण्यात आला: लिव्हर नीट पार्कमध्ये घाला, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. यंत्र जसंच्या तसं राहिलं. सुधारायची जबाबदारी चालकाची झाली. मला या साऱ्या इतिहासात तो कागदाचा तुकडा सगळ्यात जास्त बोचतो.

1989च्या क्रायस्लर गाड्यांतल्या ए-604 गिअरबॉक्सबरोबर संगणक आला. चकत्या किती झिजल्या याचा अंदाज घेऊन तो स्वतःला जुळवून घेत असे; कल्पना काळाच्या पुढची होती. पण त्याला विशिष्ट तेलच लागायचं आणि कंपनीच्याच मजकुरात दुसरं, सहज मिळणारं तेल चालेल असं लिहिलेलं होतं. ते घातलं की थरथर सुरू व्हायची. संगणकाला काही बिनसल्यासारखं वाटलं की तो गाडी दुसऱ्या गिअरवरच अडकवून ठेवायचा. नव्या शतकात निस्साननं सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स, मोठ्या प्रमाणावर आणला, आणि 2003 ते 2010च्या मॉडेलांसाठी अमेरिकेत वॉरंटी 10 वर्षं किंवा 1 लाख 20 हजार मैलांपर्यंत वाढवायची वेळ त्यांच्यावर आली.

आता डबल क्लचकडे येऊ, कारण क्लचचं बिल ऑटोमॅटिक गाडीत परत आलं ते याच दारानं. कल्पना फ्रेंच अभियंता अडॉल्फ केग्रेस यांची, 1939ची. एका क्लचवर 1, 3, 5 हे गिअर आणि दुसऱ्यावर 2, 4, 6. एका गिअरवर गाडी पळत असते तेव्हा पुढचा आधीच लागलेला असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणी दुसरा धरतो. ताकद तुटत नाही, तेलाची घसरणही नाही. 1980च्या दशकात पोर्शेनं ही रचना शर्यतीच्या गाड्यांत वापरली. 2003 मध्ये फोक्सवॅगननं डीएसजी नावानं ती नेहमीच्या गाड्यांत आणली. त्या सहा गिअरच्या डीएसजीतले क्लच तेलात होते.

यानंतरची पायरी निर्णायक ठरली. क्लच तेलात ठेवायचे तर ते तेल खेळवायला पंप हवा, पंप चालवायला ताकद लागते, म्हणजे इंधन आलंच. मग लहान इंजिनांसाठी क्लच कोरडेच ठेवले. 2008 मध्ये फोक्सवॅगनचा सात गिअरचा कोरडा डीएसजी आला, 2010च्या सुमारास फोर्डचा कोरडा पॉवरशिफ्ट. कागदावरचं मायलेज सुधारलं. पण गर्दीत सरकणं म्हणजे कोरड्या क्लचला पुन्हा हाफ क्लचवर चालवणं. जे चालकाचा डावा पाय करायचा, ते आता संगणकाच्या हुकमानं होऊ लागलं. क्लच गरम झाला तर उष्णता वाहून न्यायला तेल नाही.

पॉवरशिफ्टमध्ये आणखी एक दुखणं होतं. गिअरबॉक्सच्या आत दात्यांसाठी तेल असतंच. ते क्लचकडे येऊ नये म्हणून शाफ्टभोवती रबरी सील असतं. ते सील गळू लागलं की तेलाचा ओशटपणा कोरड्या प्लेटवर पोहोचतो. ओशट प्लेट सारखी धरत नाही. धरते, सुटते, पुन्हा धरते. मालकाला जाणवणारी थरथर ती हीच. 2014 मध्ये फोर्डनं अमेरिकेत क्लच आणि सीलची वॉरंटी 7 वर्षं किंवा 1 लाख मैल, आणि संगणकाची 10 वर्षं किंवा दीड लाख मैलांपर्यंत वाढवली. तिथला सामूहिक दावा 2012 मध्ये दाखल झाला, पण तडजोडीवर अखेरची मोहोर उमटायला 2020 उजाडलं. तोवर कितीतरी जणांनी गाडी मिळेल त्या भावात काढून टाकली होती.

ऑस्ट्रेलियातला निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथल्या ग्राहक आयोगानं फोर्डला फेडरल कोर्टात खेचलं आणि 2018 मध्ये कंपनीला 1 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. मुद्दा गिअरबॉक्स सदोष होता एवढाच नव्हता. थरथर घेऊन आलेल्या ग्राहकांना ‘तुमच्या चालवण्याच्या पद्धतीमुळे हे होतंय’ असं सांगितलं गेलं, आणि तेही दोषाची कल्पना असताना. या वागणुकीबद्दल दंड झाला. काउंटरवरचं ते ठरावीक वाक्य कोर्टात पोहोचलं आणि चुकीचं ठरलं.

फोक्सवॅगनच्या बाबतीत चीनमध्ये तक्रारी वाढल्यावर 2012 मध्ये डीएसजीची वॉरंटी 10 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर करण्यात आली. पुढच्या मार्चमध्ये ग्राहक दिनाच्या दिवशी सरकारी दूरचित्रवाणीनं हा विषय देशभर दाखवला आणि काही दिवसांतच 3,84,181 गाड्या परत बोलावल्या गेल्या. ऑस्ट्रेलियातही त्याच वर्षी सुमारे 26 हजार गाड्या बोलावल्या. वर्षअखेरीस जगभरातल्या 16 लाख गाड्यांत सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायचं ठरलं, कारण उष्ण, दमट हवेत आणि सारख्या थांबत्या-चालत्या वाहतुकीत त्या तेलामुळे विजेचा दोष उद्भवू शकत होता.

राहिला बिलाचा प्रश्न. माझ्या स्वतःच्या डबल क्लच गाडीचा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी गॅरेजमध्ये शेजारीच उभा होतो. आधी बॅटरी आणि तिचा ट्रे निघाला, मग एअर फिल्टरचा डबा, दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट, खालची सबफ्रेम सैल झाली, इंजिनाला खालून टेकू लागला. तीन-साडेतीन तासांनी गिअरबॉक्स जमिनीवर आला. मेकॅनिकनं बोटावर धरून दाखवलं ते सील अंगठीपेक्षा थोडंसंच मोठं होतं. आतली कड एका बाजूला किंचित दुमडलेली, तिथून खाली तेलाचा काळपट ओघळ. त्याची किंमत बिलात शोधावी लागली. बाकी बिल होतं मजुरीचं आणि ओशट झालेल्या क्लचच्या पूर्ण संचाचं. दोन्ही क्लच जोडीनंच येतात, एकच बदलता येत नाही. बसवताना खास अवजारं लागतात, अंतर जुळवायला मोजून शिमा (पातळ चकत्या) घालाव्या लागतात आणि शेवटी संगणकाला नवा क्लच कुठं धरतो हे पुन्हा शिकवावं लागतं. साधं मॅन्युअल क्लचचं काम जाणणारा कुशल मेकॅनिकही या अवजारांविना हतबल असतो, म्हणून बहुतेक मालकांना अधिकृत केंद्राशिवाय पर्याय उरत नाही.

यात भर म्हणजे ‘आयुष्यभराचं तेल’. अनेक कंपन्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) काढून टाकली आणि तेल बदलायची गरज नाही असं पुस्तिकेत छापलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. पुस्तिका पाळणाऱ्यानं तेल बदललं नाही आणि वॉरंटी संपल्यावर गिअरबॉक्स गेला, तर पुस्तिका छापणारा त्याच्या मदतीला येत नाही.

गाडी पुन्हा जोडून झाल्यावर मेकॅनिकनं लॅपटॉप लावला. क्लच किती वेळा प्रमाणाबाहेर तापला, दोन्ही क्लच कुठल्या टप्प्यावर धरतात, संगणकानं दाब किती वाढवत नेला, सगळे आकडे तिथं होते. बऱ्याच डबल क्लच गाड्यांत ही नोंद असते. माझ्या गाडीत जास्त तापल्याच्या नोंदीत शून्य होतं. सर्व्हिस केंद्रात याच गाडीला मशीन दोनदा लावलं गेलं होतं आणि दोन्ही वेळा मला फक्त ‘गाडी कशी चालवता?’ एवढंच विचारलं होतं. त्या पडद्याचा फोटो मी काढून घेतला आणि बिलाला जोडून वॉरंटीच्या अर्जासोबत पाठवला.